मधला ठिपका काळाच होता

वाचकांचे प्रश्न : कॉलेजचं शिक्षण
उत्तरं देताहेत भौतिकशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका

पत्र १

*मॅडम, मी कराडला एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. यंदा फिजिक्सला नवीन सर आलेत. ते नोट्स देत नाहीत. आदल्या दिवशी चार पानं वाचून यायला सांगतात, वर्गात आल्यावर फळ्यावर एक प्रश्न लिहितात आणि ‘शेजाऱ्याला पटवून द्या’ म्हणून स्वतः बाकांमधून फिरत राहतात. तासभर नुसता गोंगाट. वहीचं एक पान भरत नाही. दुसऱ्या तुकडीला जुने सर आहेत, तिथल्या पोरांच्या वह्या संपत आल्या. आम्ही फी भरतो ती एकमेकांना शिकवायला का? वीस जणांनी सह्या करून एचओडींकडे अर्ज द्यायचं ठरलंय. मी सही करू का?*

सहीचं शेवटी सांगते. आधी एक गोष्ट ऐक, कारण ज्या नोट्ससाठी तू हळहळतोयस, तशा नोट्स देणारी बाई मीच होते. अकरा वर्षं दिल्या.

सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं कॉलेज. सकाळी साडेसातचा पहिला तास. माझ्याकडे निळ्या रेक्झिनचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही होती. मी तिच्यातून सांगायचे, पोरं उतरवून घ्यायची. ‘स्वल्पविराम’, ‘नवीन परिच्छेद’ हेसुद्धा मीच सांगायचे. एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ‘मॅडमच्या नोट्स’ चाळीस रुपयांना मिळायच्या आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, आता लपवून काय करू? रिझल्ट चांगला, पालक खूश, प्राचार्य खूश. वर्ग इतका शांत, की पंख्याचा कुरकुर आवाज तेवढा ऐकू यायचा.

एका वर्षी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. प्रश्न न्यूटनच्या वलयांचा होता. तू एस.वाय.ला आहेस म्हणजे प्रयोग केला असशील किंवा करशील. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचं, वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड सोडायचा आणि परत फिरलेला उजेड मायक्रोस्कोपमधून बघायचा. पिवळी-काळी वलयं दिसतात आणि मधोमध काळा ठिपका. काळा का, तर खालच्या काचेवरून परतताना लाट उलटी होते आणि मध्यभागी दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. काचेतून पार गेलेल्या उजेडात बघितलं तर मात्र सगळं उलट, मध्यभाग उजळ. माझ्या निळ्या वहीत या दोन ओळींची कधीतरी अदलाबदल झाली होती आणि वर्गात मी ती तशीच सांगितली होती. पेपर होते ५८. त्यातल्या ४१ जणांनी लिहिलं होतं, ‘मध्यभागी प्रकाशमान ठिपका दिसतो.’

पंधरा दिवसांपूर्वी याच पोरांनी प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपला डोळा लावून तो काळा ठिपका स्वतः पाहिला होता. जर्नलमध्ये आकृती काढून मधला भाग पेन्सिलीने काळा रंगवला होता. खाली माझी सही होती.

एका मुलीच्या पेपरात ‘काळा’ लिहून ते खोडलेलं होतं आणि वर ‘प्रकाशमान’. तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

‘मॅडम, नोट्समध्ये तसं होतं.’

‘आणि तू काय पाहिलंस?’

‘काळाच होता.’

‘मग खोडलंस का?’

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं काय चुकलं होतं? दोन वर्षं आम्ही तिला हेच तर शिकवत होतो, की डोळ्यांना दिसलं ते तुझं आणि वहीत आहे ते खरं.

पुढे कधीतरी हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्याबद्दल वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं, कारण तिथंही तेच. व्याख्यानं उत्तम, विद्यार्थ्यांचे अभिप्राय उत्तम. १९९० च्या सुमारास त्यांनी अॅरिझोनात तयार झालेली एक साधी चाचणी वर्गाला दिली. आकडेमोड नाही, सूत्रं नाहीत, ट्रक आणि मोटार धडकली तर कोणाला जास्त धक्का, असले रोजच्या भाषेतले प्रश्न. तेव्हा वर्गातून कोणीतरी विचारलं, की ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला वाटतं तशी? म्हणजे हार्वर्डच्या पोरांचेही दोन कप्पे, एक परीक्षेचा आणि एक स्वतःचा. त्यानंतर माझूर यांनी पद्धत बदलली. वाचन घरी, वर्गात प्रश्न, आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. तुमच्या सरांनी कराडात चालवलंय ते हेच.

तुझी खरी भीती रिझल्टची आहे, ती रास्तच आहे. २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात शंभरात सुमारे ३४ नापास, जिथं विद्यार्थ्यांना वर्गात काही करायला लावलं तिथं सुमारे २२. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो हार्वर्डचाच २०१९ चा प्रयोग. फिजिक्सचा तोच भाग एका गटाला छान व्याख्यानातून आणि दुसऱ्याला प्रश्न सोडवायला लावून शिकवला. चाचणीत दुसरा गट पुढे. पण ‘तुम्ही किती शिकलात असं वाटतं?’ म्हटल्यावर व्याख्यानवाले म्हणाले, खूप. आणि झटापट केलेले म्हणाले, काही विशेष नाही. सांगणारा झरझर सांगत गेला की आपल्यालाच येतंय असं वाटतं. आपण स्वतः अडखळलो की वाटतं, सर शिकवतच नाहीत. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते म्हणतात, पण हात भरून येतात त्याचं काय, ते म्हणीत नाही.

आता सही. करू नकोस असं मी म्हणणार नाही, तुझं नाव आहे. पण अर्जात मागायचं काय ते आधी ठरवा. ‘नोट्स द्या’ असं मागाल तर कदाचित मिळतीलही आणि मग रडाल. त्यापेक्षा सरांकडेच जा आणि सांगा, शेवटची दहा मिनिटं सगळं बांधून द्या, कुठला मुद्दा बरोबर आणि का ते फळ्यावर येऊ दे. ही तुमची मागणी योग्य आहे, गोंगाट तसाच सोडून घंटेबरोबर निघून जाणारा मास्तरही आळशीच. दुसरं, विद्यापीठाचा पेपर अजून ‘व्याख्या द्या, सिद्ध करा’ असाच येतो. त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहायचा सराव तुम्हालाच करावा लागेल. सरांची पद्धत कितीही चांगली असो, पेपर सरांनी काढलेला नसतो.

पत्र २

*मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो. एका वर्गात १२० विद्यार्थी, बाक जमिनीला ठोकलेले, प्रोजेक्टर आहे पण त्याची केबल ऑफिसच्या कपाटात. कार्यशाळांना गेलं की सांगतात, विद्यार्थी-केंद्री शिकवा. सिलॅबस पुरा झाला नाही तर कारणं दाखवा नोटीस मला. सांगा, कसं करू?*

सर, आधी एक बोलून घेते. तुम्हाला पैसे मिळतात तासाचे. प्रश्न तयार करायला घरी गेलेली रात्र, तपासलेल्या वह्या, दोन कॉलेजांमधला एसटीचा प्रवास, यातलं काही त्या तासात मोजलं जात नाही. तेव्हा शिक्षणात क्रांती करण्याची अपेक्षा तुमच्याकडून कोणी ठेवू नये आणि तुम्हीही ती स्वतःवर लादून घेऊ नका. मी सांगते ते एका वर्गात, एका तासाला एकाच प्रश्नापुरतं करून बघा. दुसऱ्या कॉलेजात चालू आहे तसंच चालू द्या.

मला केबल लागली नाही. मी जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. जाड कागद, मागची बाजू कोरी. प्रत्येकीचे चार तुकडे करून अ, ब, क, ड लिहायला पोरांनाच लावलं. एकाच नियमाची सक्ती केली, पत्ता डोक्यावर धरायचा नाही, छातीशी धरायचा. डोक्यावर धरला की मागचे पुढच्यांचं बघून बदलतात.

मग हा प्रश्न. चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यांत उंच जागी तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याच्यावर बल किती? अ : शून्य. ब : हातानं दिलेल्यातलं थोडं उरलेलं, वरच्या दिशेनं. क : त्याच्या वजनाइतकं, खाली. ड : वर आणि खाली सारखंच. हवेचा विरोध सोडून द्यायचा. मला पहिल्यांदा वाटलं होतं, बारावी पास पोरं आहेत, सगळे क दाखवतील. पत्ते वर आले आणि वर्गभर ‘अ’ची लग्नसराई. निम्म्याहून जास्त शून्यवाले.

उत्तर सांगायचं नाही, हे सगळ्यांत अवघड. जीभ शिवशिवते. माझूर यांचा ठोकताळा असा, की बरोबर उत्तरवाले शंभरात तीसपेक्षा कमी असतील तर मुद्दा पुन्हा समजावा, सत्तरपेक्षा जास्त असतील तर पुढे चला, आणि मधे असतील तर त्यांना भांडू द्या. मी भांडू दिलं. शेवटच्या बाकावर दोघं जण होते, एक शून्यवाला आणि दुसरा शिराळ्याकडचा, वर्गात कधी तोंड न उघडलेला. तो म्हणाला, ‘आरं, बल शून्य असंल तर त्ये वरच लटकून ऱ्हाईल की! खाली कशाला येतंय मग?’ न्यूटनचा पहिला नियम मी अकरा वर्षं व्याख्येसकट सांगितला होता. याच्याइतका चोख मला एकदाही सांगता आला नव्हता.

मोठा वर्ग, ठोकलेले बाक ही अडचण खरी, पण अडून बसावं एवढी नाही. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात शेकडो मुलं असतात. तिथं ‘आधी एकट्यानं विचार, मग जोडीनं, मग सगळ्यांपुढे’ असं करून निरीक्षणं घेतली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. व्याख्यानाच्या तासाला तुमच्या वर्गातले किती गुंतलेले असतात ते मागच्या दारातून एकदा डोकावून बघा. मी बघितलं होतं, म्हणून सांगते.

सिलॅबसचं गणित मांडू. दोन क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे तीस तास. एका प्रश्नाला आठ-दहा मिनिटं धरली तर तीस प्रश्नांना पाच तास जातात. हे पाच तास कुठून काढायचे? डिक्टेशनमधून. जी सिद्धता पुस्तकात सात ओळींत छापलेली आहे ती फळ्यावर उतरवून पोरांनी वहीत उतरवणं, यात ज्ञान एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातं, वाटेत कोणाच्या डोक्यात शिरत नाही. ते सोडा. आणि हजेरीपटावर ‘आज शिकवलेला भाग’ या रकान्यात पूर्ण घटकाचं नाव लिहा. नोटीस काढणारे रकाना वाचतात.

पत्र ३

*मी चौतीस वर्षं व्याख्यान देत आलो, आता निवृत्त आहे. व्याख्यान म्हणजे जणू गुन्हा, अशी हवा सध्या आहे. आम्ही ज्यांची व्याख्यानं ऐकून घडलो ते काय चूक होते?*

नव्हते सर. मीही एका व्याख्यानामुळेच फिजिक्सकडे वळले, नाहीतर डी.एड. करून गावात शाळामास्तरीण झाले असते. पण तुमच्या आणि माझ्या वर्गात तेव्हा किती जण होते आणि त्यातले घडले किती? आपण घडलो म्हणून आपल्याला ती पद्धत गोड लागते. जे मागच्या बाकावरून निघून गेले ते या मासिकाला पत्र लिहीत नाहीत.

व्याख्यान कधी लागू पडतं ते मला उशिरा कळलं. पोरं आधी एखाद्या प्रश्नाला धडकून हैराण झालेली असली, की मग तुम्ही वीस मिनिटं बोला, जिवाचा कान करून ऐकतात. भूक नसताना वाढलेलं पुरणही नको होतं. तुमच्यासारखी माणसं अजून बोलायला हवीतच, फक्त तासाच्या सुरुवातीला नको.

पत्र ४

*मॅडम, माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जबाबदारीची जाणीव म्हणून नाही. कॉलेजचा मेसेज येतो, हजेरी ६१ टक्के, डिफॉल्टर यादीत नाव. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून सगळं उरकतो. विचारलं तर म्हणतो, सगळेच तसं करतात. मी क्लास टीचरना फोन करू का? – एक आई, बार्शी*

ताई, फोन करू नका. आणि मुलगा म्हणतो ते खोटं नाही, सगळेच तसं करतात.

तुम्हाला ‘जीटी’ माहीत आहे का? इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचा शब्द आहे, ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी ठेवायची, खाली बल्ब, काचेवर मित्राची तयार ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी. रेघ आरपार दिसते, गिरवत जायचं. माझ्या भाच्यानं पूर्ण वर्षाच्या शीट्स अशा केल्या आणि त्याच्या शीटवर मूळ मालकाची चूकही इमानदारीनं उतरली. सरांनी सही केली, कारण सरांपुढे तशा साठ शीट्स होत्या. आता सांगा, या सगळ्यात बेजबाबदार कोण? ज्या कामाकडे कोणी बघणार नाही, ज्याच्यावरून कोणी एक प्रश्न विचारणार नाही, ते काम मन लावून करणारा मुलगा मला तरी जरा भाबडाच वाटेल.

आपल्याकडे जबाबदारी शिकवायची म्हणजे ७५ टक्के हजेरी. मुलगा मतदान करतो, गाडीचं लायसन्स काढतो, पण वर्गात आला नाही याचा मेसेज आईला. तो मेसेज त्याची जबाबदारी तुमच्या मोबाइलवर ढकलतो, आणखी काही करत नाही.

हे मी प्रयोगशाळेत शिकले. सोडियमचा दिवा लावल्यावर आधी गुलाबी-लाल पेटतो, नीट पिवळा व्हायला आठ-दहा मिनिटं जातात. प्रॅक्टिकलची बॅच आली आणि दिवे थंड असले की तेवढा वेळ वाया. आमच्याकडे एक मुलगा होता, कायम पंधरा मिनिटं उशिरा, डिफॉल्टर यादीत दर महिन्याला पहिला. त्याला मी ओरडणं सोडलं आणि दर मंगळवारी लॅबची किल्ली त्याच्याकडे दिली. शिपायाला सांगून ठेवलं, दुसरी किल्ली काढायची नाही. हा आला नाही तर वीस जण व्हरांड्यात उभे. तो यायला लागला, बॅचच्या आधी वीस मिनिटं. एका मंगळवारी आला नाही. मी काही बोलले नाही, स्टाफरूममध्ये बसून राहिले. त्याला काय ऐकवायचं ते व्हरांड्यातल्या वीस जणांनी ऐकवलं. पुन्हा तसं झालं नाही. परीक्षेत त्याला मार्क पूर्वीइतकेच पडले, तेही सांगते, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे कधीच ओळखलं होतं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. पोरं काम करून शिकायची. आज बऱ्याच कॉलेजांत ही योजना म्हणजे गरिबांची सोय असं समजतात. माझ्या मते ती वर्गातल्या प्रत्येकासाठी हवी, कारण बागेला पाणी घातलं नाही तर बाग वाळते आणि ते सगळ्यांना दिसतं. असाइनमेंट न करता नुसती उतरवून काढली तर काहीच वाळत नाही.

तुम्ही एवढंच करा. सहा महिन्यांचे मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे त्याच्या खात्यावर एकदम टाका आणि पुन्हा विचारू नका. चौथ्या महिन्यात त्याचा फोन येईल. तेव्हा उत्तर काय द्यायचं ते मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण तिथं आया विरघळतात. आणि फोनवर ‘सबमिशन झालं का?’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी ‘आज कुठं अडलास?’ विचारा. पहिले दोन महिने ‘कुठं नाही’ म्हणेल.

पत्र ५

*परीक्षा तीन आठवड्यांवर आली. नोट्स चार वेळा वाचून झाल्या, तरी पेपरात आठवत नाही. काय करू?*

पाचव्यांदा वाचू नकोस. वही मिट, कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही. मग वही उघडून काय राहिलं ते बघ. २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये हे ताडून पाहिलं. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानंतर विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. पेपर पाच मिनिटांनी नाही, तीन आठवड्यांनी आहे. लाग कामाला.

पत्र ६

*मी नाशिकला टी.वाय.ला आहे. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये आम्ही सहा जण, काम मी आणि माझी मैत्रीण करतो. बाकीचे चौघं फक्त ग्रुपवर अंगठा दाखवतात. मार्क सगळ्यांना सारखे. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, टीमवर्क शिका. चीड येते.*

येणारच. आणि त्या चौघांनाही सरळ आळशी म्हणू नकोस. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-इंजिनिअरनं माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली त्यानं ते छापलं. एकटा ओढतो तेव्हा पूर्ण जोर, आणि आठ जण एकत्र ओढायला लागले की माणशी जोर जवळपास निम्म्यावर. गावच्या जत्रेत रस्सीखेच बघितली असशील तर तुला हे कोणी सांगायला नको, मागचे दोघं नुसते मागे झुकून ओरडत असतात. ग्रुपला एकच मार्क दिला की प्रत्येक वर्गात एक मागची बाजू तयार होते. ही चूक पोरांची कमी आणि मार्क देणाऱ्याची जास्त.

तुमच्या मॅडमना जाऊन तक्रार नको, एक सूचना दे. मी शेवटची सहा वर्षं असं करायचे. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर कोणता भाग कोणाचा ते नावानिशी लिहून घ्यायचं. आणि व्हायवाला ग्रुप आत आला की टेबलावरच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्यानं दुसऱ्याच्या भागावर उत्तर द्यायचं आणि ते मार्क सगळ्यांना. पहिल्या वर्षी फार बोंब झाली, एका मुलाचे वडील भांडायला आले. दुसऱ्या वर्षी व्हायवाच्या आदल्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर एकमेकांना शिकवणं चालू होतं, असं वॉचमननं मला सांगितलं, तेही तक्रार म्हणून.

मॅडम नाही म्हणाल्या तर तुम्ही सहा जणांनी आपसात चिठ्ठ्या काढा, आठवड्यातून एकदा, चहाच्या टपरीवर चालेल. ज्याला उत्तर येणार नाही त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. सहा चहा म्हणजे हल्ली साठ-सत्तर रुपये होतात. तिसऱ्या आठवड्याला चौघांपैकी दोघं तरी वाचून येतील. उरलेल्या दोघांचा चहा प्या.